झाकण लावलेला डबा

दुसरी मोठी लढाई संपून वर्षभर झालं असेल. सांगलीजवळच्या एका ओतकामाच्या कारखान्यात मी भंगार निवडायला जात होते. नवरा विषमज्वरानं गेला होता. सासरी राहून घास मोजून खाण्यापेक्षा हे बरं, म्हणून मीच कामाला लागले. आम्ही सहा बायका होतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, एकीकडं, तांबं-पितळ दुसरीकडं, जर्मन तिसरीकडं. ॲल्युमिनियमला आमच्याकडं जर्मनच म्हणत. त्या दिवसांत ते नाव तोंडात घेताना थोडं चमत्कारिक वाटायचं, कारण ढिगातलं बरंचसं सामान लढाईतूनच आलेलं होतं.

ते कुठून येतं, हे मला मिस्त्रींनी सांगितलं. मिस्त्री भट्टीवर असत, मोजकं बोलत. ते म्हणाले, "आफ्रिकेच्या बाजूला वाळवंट हाय. तितली माणसं वाळू उकरून धातू काढत्यात, जहाजवाल्याला इकत्यात. जहाज मुंबईला येतं, तितनं आगगाडीच्या वाघिणी इकडं."

पोती ओतली की लोखंडाबरोबर वाळू यायची. आपल्या नदीची नव्हे. रव्यासारखी बारीक, पिवळट. ती वेणीत जायची, भाकरीत जायची. शिरस्त्राणं यायची, कुणाच्या आतल्या कातड्याला केस चिकटलेले. एकदा बुटाची नाल आली, तिच्यात खिळा नव्हे तर दुसरंच काहीतरी अडकलं होतं. ते काय ते मी पाहिलं नाही, टाकून दिलं.

सगळ्यात वाईट वेळ दुपारची. ऊन चढलं की पत्रे तापून फुगायचे आणि ढीग आतल्या आत करकरायचा. आधी एक टक्, मग थांबून दुसरा, जसं कुणी आतून कूस बदलतंय. धातू तापला की वाजतोच, हे आम्हांला ठाऊक होतं. तरी एकही बाई त्या ढिगाकडं पाठ करून जेवायला बसत नसे.

अशाच एका दुपारी तो डबा माझ्या हाती आला. जेवणाचा, चपटा, शिपायांना देतात तसा. झाकण घट्ट बसलेलं. हलवला तर आत काहीतरी सरकलं. दगडानं कड ठोकून मी झाकण काढलं. आत काठोकाठ वाळू होती, दुसरं काही नाही. वाळू ओतून टाकली आणि डबा जर्मनच्या ढिगावर फेकणार, तोच बुडावर अक्षरं दिसली. खिळ्यानं कोरलेली, बाळबोध, आपलीच. माणसाचं नाव, खाली गावाचं नाव, त्याखाली 'ता. माण'.

माझे वडील शाळामास्तर, म्हणून मला वाचता येत होतं. माझं माहेरही माणातलं, आणि ते गाव आमच्या गावापासून जेमतेम दोन कोस. सकाळपासून मी परमुलखाची वाळू चाळत होते आणि तिच्यातून माझ्या शिवेपलीकडचा माणूस निघाला. 

मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी डबा उलटासुलटा करून पाहिला. म्हणाले, "घेऊन जावा, बाई. घरच्यांना द्या. ह्यो मुशीत टाकायचा माझा हात हुणार न्हाई."

महिन्याभरानं माहेरी गेले तेव्हा डबा लुगड्यात गुंडाळून नेला. वाटेभर मनात शब्द जुळवत होते. त्याची आई असेल, बायको असेल. कसं सांगायचं? गावात नाव विचारलं तर एका माणसानं सहज बोट केलं, "त्ये काय, बाभळीखाली दोरी वळतुया न्हवं, त्योच."

बाभळीखाली पस्तिशीतला एक माणूस बसला होता. मी जवळ गेले, नाव विचारलं. तो म्हणाला, "मीच. का?"

 मी लुगड्यातून डबा काढून त्याच्यापुढं धरला.

त्यानं तो घेतला नाही. दोरीचा पीळ हातातच राहिला. डबा कुठं सापडला, हेही त्यानं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "झाकण लावल्यालं हुतं का?"

"व्हय. घट्ट हुतं. दगडानं उघडलं मी."

"आन् आत?"

"वाळू."

"नुसती वाळू?"

"नुसती वाळू."

त्यानं दोरी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "बसा, अक्का." बायको मेंढरांमागं गेलेली, म्हणून स्वतःच आत जाऊन पाणी घेऊन आला. आणि मी न विचारता सांगू लागला.

त्याच्या पलटणीत कोरेगावच्या बाजूचा एक जोडीदार होता. दोघं एकाच दिवशी भरती झालेले. वाळवंटात तोफेचा गोळा जवळ पडला आणि जोडीदार कोसळला. हवालदारानं पाहिलं, म्हणाला, संपला. मागं हटायचा हुकूम झाला होता, गाड्या सुरू होत्या. जाळायला लाकूड कुठलं आणायचं? त्यानं हातानं आणि पत्र्यानं खड्डा केला, कमरेइतकासुद्धा नाही.

"त्याला लिवाय येत न्हवतं," तो म्हणाला. "त्याच्या डब्यावर नाव न्हवतं. म्हनून माझा डबा त्याच्यापाशी ठिवला, त्याचा मी घेतला. पुढं कुणी उकरलं तर गाव तरी कळंल, माझ्याकडं कुणी येईल, मी सांगीन त्यो कोन हुता. पर अक्का, चार वर्सं झाली, मला वाटलं आता कुणी येत न्हाई."

"मग त्याच्या घरी तुमी सांगितलं न्हाई?"

दुसऱ्याच दिवशी तो कैद झाला होता. सुटून आला तोवर सरकारी कागदात जोडीदाराच्या नावापुढं 'बेपत्ता' लागलं होतं, आणि तसंच घरी कळवलेलं होतं. पण हे काही कारण नव्हे, हे त्याला कळत होतं, मलाही.  मग तो अगदी हळू म्हणाला, "माती लोटताना त्याच्या छातीवर हात पडला माझा. अंग गरम हुतं. उन्हानं गरम हुतं का कशानं, ते मला कळलं न्हाई. मी हवालदाराला हाक मारली. त्यो म्हनला, चल. मी चाललो."

दूर कुठं मेंढरं ओरडत होती.

"त्या डब्यात मी चार बिस्कुटं ठिवली हुती," तो म्हणाला. "मेल्याल्या मानसासंगं शिदोरी देत्यातच की, आसं मनाला सांगितलं. झाकण मीच दाबून लावलं."

मी म्हणाले, "चार वर्सांत इरून गेली असतील, दादा. वाळूत काय ऱ्हातंय?"

"व्हय," तो म्हणाला. "इरली असतील."

झाकण घट्ट असताना वाळू आत कशी गेली, हे आम्हां दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

निघताना त्यानं विचारलं, मी परत कोणत्या वाटेनं जाणार. मी सांगितलं, मोटारीनं कोरेगाव, तिथून आगगाडी. तो म्हणाला, "त्याचं गाव तितनं जवळच हाय. तुमी संगं असला तर माझं पाऊल पडंल. एकल्याला जमलं न्हाई. दोनदा येशीपतूर जाऊन माघारी आलोय."

चार दिवसांनी आम्ही गेलो. तिसरा प्रहर अजून लागायचा होता, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. जोडीदाराची बायको ओसरीवर डाळ पाखडत होती. हातभर हिरवा चुडा, कपाळावर मोठं कुंकू. माझ्या मोकळ्या कपाळाकडं तिनं एकदा पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

तो उभ्याउभ्याच म्हणाला, "वैनी, मी त्याच्यासंगं हुतो. त्यो गेला. मीच माती दिली."

ती रडली नाही. मी पुढं केलेला डबा तिनं हातात घेतला, त्यावरून बोटं फिरवली. "कशानं गेलं?"

"गोळा पडला."

"लगेच?"

त्यानं नजर डब्यावर वळवली.  ती आता माझ्याकडं बघत होती, जसं काही मीही तिथं होते. मी म्हणाले, "लगेच. काई कळलं न्हाई त्यास्नी."

तिनं मान हलवली, पण पटल्यासारखी नव्हे. "भावजी, धोंड्याचा म्हैना हुता का?"

तो दचकला. "म्हैना आमाला कुठनं कळायचा? लय ऊन हुतं. मिरगाच्या आदी."

"मी म्हायेरला हुते," ती म्हणाली. "जावई न्हाई तरी आईनं धोंडं केलं हुतं. दुपारी भांडी घासताना दारात हाक आली. पानी, म्हनून. आवाज ह्यांचा. उठून बघितलं तर कुणी न्हाई. दुसऱ्या दिवशी त्याच वक्ताला परत. बारीक झालता आवाज. तिसऱ्या दिवशी मी तांब्या भरून दारातच बसले. तवा काईच आलं न्हाई."

तिचा आवाज अगदी साधा होता, शेजारणीला हकिगत सांगावी तसा. तो माणूस मात्र ओसरीच्या खांबाला धरून खाली बसला. तिनं आत जाऊन त्याला पाणी आणून दिलं. ते त्यानं ओठापर्यंत नेलं आणि तसंच खाली ठेवलं.

डब्यांच्या अदलाबदलीचं त्यानं सांगितलं, तेव्हा तिनं डबा त्याच्यापुढं सरकवला. "ह्यावर तुमचं नाव हाय. माझ्या घरात नको. त्यांचा तुमच्याकडं हाय म्हनता, तेवढा पाठवून द्या." मग मला म्हणाली, "अक्का, जरा आत या." आतल्या खोलीत तिनं दोन्ही हात माझ्यापुढं केले. बांगड्या मी उतरवल्या, एकेक करून, न फोडता. कुंकू तिनं स्वतः पुसलं. त्या वेळीही ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आता झोप तरी येईल."

तो मला स्टेशनापर्यंत पोचवायला आला. गाडी आली तेव्हा डबा माझ्या हाती देऊन म्हणाला, "लाकूड मिळालं न्हाई तवा. तुमच्या भट्टीत टाका. पुरता इतळूस्तवर उभ्या ऱ्हावा, अक्का."

मिस्त्रींना मी सगळं सांगितलं, फक्त बिस्किटांचं सोडून. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पायताण काढून ठेवलं. मूस लाल झाली, आतल्या जर्मनचा रस झाला, तेव्हा डबा मी माझ्या हातानं चिमट्यात धरून सोडला. पत्रा पातळ होता, पण लवकर वितळेना. बूड वर तरंगत राहिलं, अक्षरं काळी पडली, मग पांढरी झाली, मग बूड मधोमध खचलं आणि आत गेलं. मी हलले नाही. मिस्त्रींनी मळी काढून टाकली आणि ओतायला पळी घेतली.

पंधरा दिवसांनी माणातून एक कार्ड आलं. वाकड्या अक्षरांत एकच ओळ होती: डबा वितळला का. मी लिहिलं, वितळला. त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. पुढं माहेरी गेले तेव्हा कळलं, की बायकोपोरं घेऊन तो मुंबईला गिरणीत लागला, आणि जाण्याआधी कोरेगावला एक डबा पोचवून गेला.

त्या कारखान्यात मी आणखी बरीच वर्षं होते. जहाजांचा माल हळूहळू बंद झाला. मग नांगराचे झिजके फाळ यायचे, उसाच्या चरकांची फुटकी चाकं यायची, आणि त्यांच्याबरोबर आपली काळी माती. बायका ढिगाच्या सावलीलाही बसू लागल्या. मला विचारलं तर मी म्हणायचे, मी इथंच बरी आहे, आणि ढिगाकडं तोंड करून उन्हातच भाकरी सोडायचे.