सोडून राहिली

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर टाकली तरी मला वाटतं, वांगी किडकी असणार. त्यामुळे कंपनीने मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवून 'भावनिक बुद्धिमत्ता' शिकवली, तेव्हाही मनात पाल चुकचुकलीच. म्हटलं, आता कुणाला तरी घरी पाठवणार, आणि ते गोड बोलून माझ्या हातून करून घेणार.

लगेच माझी साताऱ्याहून नागपूरला बदली झाली. प्रताप नगरात आमचं रक्ततपासणीचं केंद्र. सकाळी साडेसातपासून उपाशीपोटी आलेल्यांची रांग, त्यात निम्मे मधुमेही आणि सगळेच चिडलेले. हाताखाली पाच माणसं. प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे मी भिंतीवर चेहऱ्यांचा फळा लावला. हसरा, रडका, रागीट, दमलेला. आल्या आल्या प्रत्येकाने आज कसं वाटतंय तो चेहरा आपल्या नावापुढे चिकटवायचा.

पहिल्या दिवशी पाचही हसरे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काउंटरवर वर्षानुवर्षं बसणारे काका हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमाले रोज कसं वाटते म्हणून काहून विचारता? कोणाले काढायचं हाय काय?"

"छे हो काका," मी म्हटलं. पण काकांचा संशय अगदीच खोटा नव्हता. रक्त घेणारी एक बाई प्रोबेशनवर होती. तिला कायम करायचं की निरोप द्यायचा, हे दोन महिन्यांनी मलाच मुख्य कचेरीला कळवायचं होतं.

ती तिशीतली, सक्करदऱ्याहून मोपेडवर यायची. हात इतका हलका की म्हाताऱ्या बायका दुसरी खुर्ची रिकामी असली तरी तिच्याचसाठी थांबायच्या. पण रोज पाच-सात मिनिटं उशीर, आणि फळ्यावर मात्र कायम हसरा चेहरा. कायम हसणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

त्याच पहिल्या आठवड्यात चहाच्या वेळी ती मागच्या दाराशी फोनवर बोलत होती, आणि मी आत हात धूत होते. "काय सांगू वं बाई," ती म्हणाली, "सहा महिने झाले, मी पोरीले सोडून राहिली."

पोरीला सोडून राहिली! सहा महिने लेकराविना ही बाई हसरा चेहरा चिकटवते आहे! पण कळवळा फार टिकला नाही. मी तिचा अर्ज काढून पाहिला. 'मुलगी, वय सहा, सोबत राहते.' आधीच्या महिन्यात मुलीला ताप म्हणून दोन दिवसांची रजा. म्हणजे सरळ सरळ थाप. मी वहीत तिचं वाक्य लिहून ठेवलं.

आता कुणीही विचारेल, तिलाच का नाही विचारलं? प्रशिक्षणात बजावलं होतं की 'का' विचारायचं नाही, 'का' म्हटलं की माणूस बचावाला उभा राहतो. मला ती सबब बरी सापडली. खरं सांगायचं तर मला तिचं उत्तर नकोच होतं. मी पुरावे गोळा करत होते, आणि त्यात मला मजा येत होती.

एकदा तिला खोलीत बोलावून आवाज मऊ केला. "मनात काही असेल तर मोकळं बोला."

ती दारातच थबकली. "माझं काही चुकलं काय मॅडम?"

"नाही नाही. मुलगी कशी आहे?"

"मस्त हाय," म्हणून ती हातातला ट्रे सावरत निघून गेली. मी लिहिलं, 'नजर चुकवली.' मी माझ्या साहेबांची नजर रोज चुकवते, हे तेव्हा आठवलं नाही.

दोन महिने संपले. एका शुक्रवारी मी शेरा लिहून पाठवला. 'काम चोख, पण विश्वास ठेवण्याजोगी नाही. घरची माहिती लपवते. कायम करू नये.'

रविवारी दुपारी आईचा साताऱ्याहून फोन आला. मी ताटावर बसले होते. म्हटलं, "आई, जेवून राहिले, मग करते."

"जेवून राहिलीस? कुठं राहिलीस गं?" आई हसायला लागली. "पार नागपूरकर झालीस की!"

घास हातातच राहिला. इथे 'जेवून राहिले' म्हणजे जेवते आहे. येऊन राहिले म्हणजे येते आहे. एवढ्या दिवसांत ही बोली माझ्याही जिभेवर बसली होती, पण वहीतलं ते वाक्य मी पुन्हा एकदाही वाचलं नव्हतं. ताट तसंच ठेवून वही उघडली. मी पोरीले सोडून राहिली. मला स्वतःचीच शिसारी आली.

सोमवारी ती आली, सात मिनिटं उशिरा. मी तिला आत घेतलं आणि पहिल्यांदा 'का' विचारलं.

"पोरीचा शाळेचा ऑटो बंद झाला ना मॅडम. तवापासून मीच तिले सोडून राहिली. शाळेचं फाटकच सव्वासातले उघडते, मंग इकडे पोचता पोचता उशीर होते."

मी सगळं सांगितलं. वही, अर्ज, शुक्रवारचा शेरा. काहीही राखून ठेवलं नाही. ती हातातल्या हेल्मेटचा पट्टा लावत-काढत म्हणाली, "रोज कसं वाटते, कसं वाटते. एकदा 'काहून' नाही विचारलं?"

तिच्यादेखतच मी साहेबांना फोन लावला, चूक माझी आहे, शेरा मागे घेते म्हटलं. "तुम्हीच लिहिता, तुम्हीच खोडता," ते म्हणाले, आणि तिचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. माझ्या एका वाक्यापायी ती आणखी तीन महिने टांगणीला राहिली. मग कायम झाली.

साहेबांना फोन केला त्याच आठवड्यात मी फळा उतरवला. काकांना वाटलं, आता तर नक्कीच कुणीतरी जाणार.

ती अजून इथेच आहे. काकांशी, पेशंटांशी तिचं 'काहून' आणि 'करून राहिली' अखंड चालू असतं. मी खोलीत शिरले की थांबतं. आणि रोज सकाळी सव्वासातच्या सुमारास माझ्या फोनवर तिचा निरोप येतो, काना-मात्रेचीही चूक नसलेला. "मॅडम, मी माझ्या मुलीला शाळेत सोडत आहे. मुलगी माझ्याजवळच राहते."