दहा प्रश्न, भर हॉलमध्ये

अंगणवाडीच्या ताईंचा आवाज असा खणखणीत, की दुसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर खालचा किराणावाला ओ देईल. तान्ह्या बाळांच्या वजनाच्या दिवशी त्या काट्याशी बसत आणि आयांना बाळंतपणानंतरच्या उदासीची पारख करणारे कागदावरचे दहा प्रश्न तिथेच, भर हॉलमध्ये विचारत. "उदास वाटतं? रडू येतं? जीव नकोसा होतो? नाही ना? शाब्बास, चला पुढची!" बायका हसत, ताई फटाफट खुणा करत. बावीस वर्षांत एकीचंही 'हो' नाही, याचा त्यांना कोण अभिमान! अहो, अभिमान कसला, डोळ्यांवर कातडं ओढून बसल्या होत्या बाई.

त्या दिवशी चार महिन्यांच्या मुलाची आई आली, सोबत सासूबाई. तिनेही दहा वेळा 'नाही' म्हटलं. सासूबाई दुपट्याची घडी घालत होत्या, तेवढ्यात सून अनवाणीच बाहेर पडली. काट्यावरच्या लेकाकडे तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

असं न वळता निघून जाणं ताईंच्या चांगलंच ओळखीचं होतं. "बाळाला धरा हो!" म्हणत त्या धावल्या. पोरगी जिन्याने खाली उतरत नव्हती, वर चढत होती. वर फक्त गच्ची होती. गुडघे दुखत असतानाही ताई दोन-दोन पायऱ्या चढल्या आणि त्यांनी वळणावर तिचं मनगट पकडलं.

"सोडा ताई. तुमच्याकडे तो नीट राहील."

"मुळीच सोडणार नाही. बस इथे." ताई धापा टाकत पायरीवर टेकल्या. "माझी लेक तान्ही असताना मीही तिला शेजारणीकडे ठेवून निघाले होते. परत न येण्यासाठी. शेजारीण मागे धावली, म्हणून वाचले. नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. लाज वाटायची गं."

तेवढ्यात सासूबाई बाळाला घेऊन वर आल्या. "हा काय तमाशा? आमची सून काही वेडी नाही!"

"नाहीच. आजारी आहे. मीही होते. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जायचं, आणि तोवर हिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही."

सासूबाई मटकन खाली बसल्या. "अगं, मग मघाशी विचारलं तेव्हा बोलायला काय झालं होतं?"

सून पहिल्यांदाच हमसून हमसून रडली. "बारा बायकांपुढे? ताई, तुम्ही तरी बोलला असतात का?"

ताईंनी 'नाही' अशी मान हलवली. मनगट मात्र त्यांनी सोडलं नाही.