बुटातला नवस

"तुमच्या डाव्या पायात रक्त नीट पोचत नाही," महाडचे डॉक्टर म्हणाले. मी पोटरीकडे असं पाहिलं, जणू घरातलंच माणूस फितूर निघालं.

आजाराचं नाव पेरिफेरल आर्टरी डिसीज. पायाकडे रक्त नेणाऱ्या नळ्या आतून अरुंद होतात. चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. कापडे गावात, घराच्या पडवीतच, माझं किराणा दुकान आहे. देवळाच्या चढावर मी वर्षभर घराघरापुढे थांबून गप्पा मारत होतो. लोकांना वाटे, काय गोष्टीवेल्हाळ माणूस. प्रत्यक्षात पोटरी थांबवायची आणि तोंड वेळ मारून न्यायचं.

मग डॉप्लर झालं. म्हणजे नळीतल्या रक्ताचा आवाज ऐकायची तपासणी. उजव्या पायात रक्त ढोलासारखं घुमत होतं. डाव्या पायात नुसती कुजबुज.

"बिडी आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "बूट घालून रोज चालायचं. दुखायला लागलं की थांबा, कळ गेली की पुन्हा चाला. हे केलं नाहीत तर पुढे पाय वाचवायची पाळी येईल."

शिमग्यात गावदेवीची पालखी नाचवताना पहिला खांदा आमच्या घराचा. पायच गेला तर खांदा कशावर उभा राहणार?

डॉक्टरांनी गाठ घालून दिलेल्या पुण्याच्या एक फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामाने बरं करणाऱ्या मॅडम, दर रविवारी दुकानातल्या फोनवर माझी हजेरी घेऊ लागल्या. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, मी त्यांना नाही.

पहिल्याच रविवारी अडचण सांगितली. आमच्याकडे काम नसताना कोणी चालत नाही, आणि चालणाऱ्याला गाडीवाला सोडत नाही. दगडूची सहा आसनी रिक्षा रोज शेजारी थांबायची. "बसा शेट, उन्हात कुठं चाललाव?" कुठंच नाय म्हटलं तर वेड लागलं म्हणतील. नको म्हटलं तर रुसतील. मी बसायचो.

"मग लोकांना पटेल असं कारण शोधा," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दगडू थांबला. मी हात जोडले. "नवस हाय रे. पालखीपर्यंत गाडीत बसायचं नाय."

दगडूनं लगेच रिक्षा बंद केली. मग खाली पाहिलं. "बूट घालून नवस?"

"देवीनंच सांगितलंय, पाय जप."

"कुठली हो ही देवी?" संध्याकाळी बायकोनं विचारलं.

"पुण्याची. रविवारी बोलते."

तेव्हापासून एकही गाडी थांबली नाही. दगडू लांबूनच नमस्कार करून पुढं जायचा. रोज चालणं, कळ, थांबणं, पुन्हा चालणं. हळूहळू कळ उशिरा यायला लागली. मी मॅडमना विचारलं, नळी उघडली का? त्या म्हणाल्या, "ती तशीच आहे. पण आजूबाजूच्या बारीक नळ्या रुंद होतात, त्यांतून रक्त वाट काढतं. स्नायूही थोड्या रक्तात भागवायला शिकतात." मी रिसिव्हर ठेवून पोटरी चाचपली. घाटात दरड पडली की आमची माणसं जुन्या पायवाटांनी जातात. तसलीच माणसं माझ्या पोटरीत राहत होती आणि मला पत्ता नव्हता.

शिमग्यात पालखी आमच्या अंगणात आली तो नेमका रविवार. मी खांद्यावर पालखी घेतली आणि दुकानात फोन वाजला. बायकोनं वायर ताणून रिसिव्हर दारापर्यंत आणला.

"अहो, त्या विचारतायत, पोटरी दुखतेय का?"

दुखत होती, थोडी. देवळाच्या चढावर पूर्वी दुखायची तितकी नाही. ढोल माझ्या पायात घुमत होता, दोन्ही पायांत.

"ऐकव त्यांना," मी म्हणालो. तिनं रिसिव्हर ढोलाकडे धरला.

ज्यांच्या पोटरीत असा गोळा येतो, त्यांना माझं एवढंच सांगणं. डॉक्टरांना पाय दाखवा आणि ते सांगतील तसं चाला. कारण विचारणारे भेटतीलच, त्यांना काहीही सांगा. माझा नवस खोटा होता. फेडतो मात्र अजून रोज, बूट घालून.