स्टिक धरली की मिटणारी बोटं

"तुमचा हात ठणठणीत आहे," नांदेडचे न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, "आजार वाजवण्यात आहे. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात." म्हणजे मेंदूकडून बोटांना जाणारा हुकूम चुकतो, आणि तोही ठरावीक एका कामापुरताच. माझं ते काम म्हणजे ड्रम वाजवणं.

अठरा वर्षं मी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवलं, मग परभणीला परत येऊन क्लास काढला. वर्षभरापूर्वी उजव्या हाताची दोन बोटं स्टिकभोवती आपोआप मिटायला लागली. सही नीट यायची, शर्टाची बटणं लागायची. "घास तर बरोबर घ्यायलात की," बायको म्हणायची. मलाही वाटलं, आळस अंगात भिनलाय. म्हणून दोन तासांचा रियाज पाच तासांवर नेला.

हे मी डॉक्टरांना सांगितलं. "चूक तुम्ही रोज पाच तास पाठ करून घेतलीत," ते म्हणाले. आम्हा वाजवणाऱ्यांना रियाजाशिवाय दुसरं औषध माहीतच नसतं. तुमची बोटं कधी ऐकेनाशी झाली, तर कृपा करून आधी थांबा.

खात्रीसाठी एमआरआय झाला. नर्व्ह कंडक्शन झाली, म्हणजे नसेला बारीक झटके देऊन तिचा वेग बघतात. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. दवाखान्यात बाकावर शेजारी पोखर्णीचे एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, "काय व्हायलंय तुमाला?" म्हटलं, वाजवता येत नाही. "आन बाकी?" बाकी ठीक. "मंग ठीकच हाय की." मला त्यांचा लय राग आला. बाहेर चहाच्या गाड्यापाशी जाऊन मी रडलो.

दर तीन महिन्यांनी बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन सुरू झालं. आखडणारा स्नायू त्यानं जरा ढिला पडतो. सोबत सहा महिने स्टिक बंद.

वाजवल्याशिवाय शिकवायचं कसं? मी शिष्यांच्या बरोबरीनं वाजवूनच शिकवत आलो होतो. क्लास बंद करतो म्हणालो, तेव्हा सुलभाबाई अडून बसल्या. त्या निवृत्त शिक्षिका, साठीनंतर ड्रम शिकायला आलेल्या. "सर, तुमी नुसतं बसा. आमी वाजवतो."

हात मांडीवर ठेवून बसलो. सुलभाबाई ड्रमच्या झांजेवर ठेका धरायच्या आणि तिसऱ्या मात्रेला घाई करायच्या. हे कधीपासून होतंय, मी विचारलं. "पहिल्यापासूनच," त्या ओशाळून म्हणाल्या. दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं वाजवत होतो. मला ऐकू कुठून येणार?

मग तोंडानं बोल म्हणून घेतले, टाळ्यांवर घेतले, त्याच लयीत खोलीत चालायला लावलं. त्यात दोन महिने गेले.

स्टिकबंदीचे सहा महिने संपले. आता बोटं निम्मी सुधारलीत. जलद लय परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. त्याचं दुःख आहे, आणि ते राहील.

परवा सुलभाबाईंचा ठेका न घसरता पाच मिनिटं चालला. वाजवता वाजवताच त्यांनी मानेनं शेजारच्या माझ्या ड्रमकडे खुणावलं, "या की सर, आता डॉक्टरांची परवानगी हाय." स्टिक समोरच पडल्या होत्या. मी नको म्हणालो. मला ऐकायचं होतं.