लाँच आणि जहाज यांच्यामधली ती पंधरा मिनिटं

आमच्या पोलीस ठाण्यातल्या वायरलेसच्या खोलीत तेव्हा दोन सेट होते. टेबलावरचा आमचा, पोलिसांचा. खिडकीजवळच्या फळीवरचा समुद्रावरचा. त्यावर बोटी बोलायच्या आणि बाहेरच्या समुद्रात गस्त घालणाऱ्या दलाची जहाजं बोलायची. या सेटवरचं त्या सेटवर ऐकू जात नसे. त्या दलाला आम्हाला काही कळवायचं असलं की त्यांच्या नियंत्रण कक्षातून जिल्ह्याच्या कक्षाला फोन यायचा आणि जिल्ह्याकडून वायरलेसवर आम्हाला. एरवी त्यात कुणाचं काही अडत नव्हतं.

पाऊस उघडून पंधरा-वीस दिवस झाले होते. सकाळीच संदेश आला की एक अनोळखी बोट बाहेर दिसली आहे, हाकेला उत्तर देत नाही, सगळ्यांनी सतर्क राहावं. रेवदंड्याच्या बाजूला रस्त्यावर नाकाबंदी लागली. साहेब अलिबागला बैठकीला गेले होते. आमची लाँच घेऊन हवालदार समुद्रात गेले, सोबत दोन शिपाई आणि लाँचचा चालक.

हवालदार बोर्ली पंचतनकडचे, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. मी वायरलेसवर नवीन होते तेव्हा बटण दाबल्याबरोबर बोलायला लागायचे आणि माझा पहिला शब्द कापला जायचा. बटण दाबून मनात एक म्हण आणि मग बोल, हे त्यांनी शिकवलं. लाँचवरचा समुद्राचा सेट आठवडाभर दुरुस्तीला गेलेला होता. त्यांच्या हातात फक्त आमचा वॉकी-टॉकी. मला ते निघतानाच खटकलं होतं, पण मी बोलले नाही. शिपायाने हवालदाराला काय सांगायचं, असं वाटलं.

दीडच्या सुमाराला त्यांचा आवाज आला. कोर्लईच्या दीपस्तंभासमोर, सरळ बाहेर तासाभराच्या अंतरावर एक मच्छीमार बोट बंद पडलेली सापडली आहे, पाच माणसं आहेत, दोर बांधून ओढून आणतो. मी वहीत लिहिलं, जिल्ह्याला कळवलं. मग जरा निवांत होऊन फळीवरच्या सेटचा आवाज वाढवला. त्याची खरखर फार असते म्हणून मी तो बारीक करून ठेवला होता.

त्यावर कुणीतरी हिंदीत तेच तेच सांगत होतं. दोन बोटी एकमेकींना लागलेल्या आहेत, माणसं या बोटीतून त्या बोटीत जात आहेत, इंजिन बंद करा, सगळ्यांनी वर येऊन हात वर करा, नाहीतर कारवाई होईल. मग त्याने जागा सांगितली, अक्षांश-रेखांशात. मी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं तर ते कोर्लईच्या समोरच आलं.

मी टेबलावरचा माइक उचलून हवालदारांना विचारलं, जवळपास जहाज दिसतंय का.

"व्हय, येक मोठं जहाज येतंय. आपलंच हाय, सरकारी. मच्छीमार बोटीच्या पल्याडून येतंय."

त्यांना बरंच वाटत होतं. मला मात्र चित्र दिसलं. मधे मच्छीमार बोट, तिच्या आडोशाला आमची लाँच, त्यामुळे लाँचवरचं 'पोलीस' त्या बाजूने दिसणार नाही. गणवेशावर सगळ्यांनी लाइफ जॅकेटं घातलेली. आणि जहाज ज्या सेटवर ओरडत होतं, तो सेट लाँचवर नव्हताच.

जिल्ह्याला फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला, तिथल्या ऑपरेटरने ऐकून घेतलं, दलाच्या कक्षाला लगेच सांगतो म्हणाला. तो लगेच सांगणार यात शंका नव्हती. पण तिथून पुढे त्यांचा कक्ष, मग जहाज. फळीवरचा आवाज आता थांबून थांबून, एकेक शब्द सुटा बोलत होता.

त्या सेटवर अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बोलायचं नाही, असा आम्हाला हुकूम होता. मी कधी बोललेही नव्हते. बटण दाबलं, मनात एक म्हटलं, आणि माझ्या हिंदीत सांगितलं की त्यातली एक लाँच पोलिसांची आहे.

मग प्रश्न सुरू झाले. कोण बोलतंय, कुठून, कुणाच्या हुकमाने. त्यांचंही बरोबर होतं. समुद्रावर कुठूनही कुणीही बाई असं बोलू शकते. शेवटी तो म्हणाला, तुमची माणसं असतील तर त्यांना सांगा, नारिंगी जॅकेट हातात धरून तीनदा हलवा.

मी एका हातात तो माइक तसाच धरून दुसऱ्या हाताने टेबलावरचा उचलला. हवालदारांना हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. दोर ओढायला वॉकी-टॉकी खाली ठेवला असणार, हे मला कळत होतं. तरी बंदुकीचा आवाज कुठून येईल म्हणून मी खिडकीकडे बघत राहिले. इतक्या लांबून तो आलाही नसता. चौथ्या हाकेला ते बोलले.

"जॅकेट काढून वर धरा, तीनदा हलवा. जहाजाला दिसेल असं पुढे उभे राहा. का ते विचारू नका."

"करतो, पोरी."

त्यांनी खरंच काही विचारलं नाही. मी थांबले. मग फळीवरून आवाज आला, दिसलं. मी पुन्हा सांगायला लावलं. तो पुन्हा म्हणाला, दिसलं, तिन्ही वेळा.

त्यानंतर अर्धा तास मी इकडचं तिकडे सांगत बसले. बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, बोटीचा प्रमुख असलेल्या तांडेलचं नाव. सकाळपासून जिला सगळे शोधत होते ती बोट हीच निघाली. इंजिन गेलं, पाठोपाठ बॅटरी गेली, त्यामुळे हाकेला उत्तर द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. पाच जणांचं पिण्याचं पाणी संपलेलं होतं. ते जहाजानेच दिलं.

साडेचारला हवालदार परत आले. कवायत बरी करून घेतलीस म्हणाले. मी सगळं सांगितलं तेव्हा बाकावर बसले.

"म्हंजे त्यांचा नेम आमच्यावर व्हता?"

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

चार दिवसांनी मला लेखी खुलासा मागितला गेला, परवानगीशिवाय संदेश का दिला म्हणून. मी दीड पान लिहिलं. नोकरीचं काय होईल या विचाराने त्या आठवड्यात जेवण जात नव्हतं. साहेबांनी खुलासा वाचला, खाली स्वतःचे चार शब्द जोडले आणि वर पाठवला. वरून ठपका आला नाही. आलं ते बैठकीचं बोलावणं. दोन्ही खात्यांनी संकटाच्या वेळी एकाच चॅनेलवर यायचं ठरलं, तेव्हा त्या दिवशी काय घडलं ते मी उभी राहून सांगितलं.

चहाच्या वेळी जहाजावरचा तो अधिकारी भेटला. माझ्याहून लहान दिसत होता. मी विचारलं, आम्हाला किती वेळ होता. त्याने कप खाली ठेवला.

"तुम्ही बोललात तेव्हा आमचा शेवटचा इशारा देऊन झाला होता," तो हिंदीत म्हणाला.

त्यानंतर आम्ही दोघंही हवापाण्याबद्दल बोललो.

आता सामाईक चॅनेलचा सेट टेबलावरच असतो आणि लाँच बाहेर पडण्याआधी तिच्यावरचा सेट चालतो की नाही हे मी स्वतः ऐकून घेते. नवीन चालक कंटाळतो, तरी दोनदा बोलायला लावते. हवालदार निवृत्त होऊन बोर्लीला गेले. सणावाराला त्यांचा फोन येतो, आम्ही बराच वेळ बोलतो. त्या अधिकाऱ्याने मला काय सांगितलं, ते मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.