दुसऱ्या ओळीत मागं राहिलेल्या मुली

"आधी शेजारच्याचं ऐका. मग तोंड उघडा." असं म्हणून मॅडम डाव्या कानामागं तळहात धरायच्या आणि समोरच्या चाळीस पोरापोरींकडं अशा बघायच्या, की नुसते ओठ हलवणारा आपोआप खाली मान घालायचा.

नांदेडला आमच्या विद्यापीठात त्या वृंदगान शिकवायच्या. मी विद्यार्थी विभागात लिपिक. त्यांची खोली माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडं, त्यामुळं फायली लावता लावता त्यांचे तास मी वर्षानुवर्षं ऐकले. मूळच्या उदगीरच्या, व्यापारी घरातल्या. घरी कानडी बोलायचे. गाणं बिघडलं की "साकु, साकु!" म्हणजे पुरे, पुरे. पोरांना तो शब्द इतका पाठ झाला, की मेसमध्ये भाजी वाढणाऱ्यालाही ती "साकु" म्हणायची.

तुम्ही कधी असं गायला उभे राहिला असाल तर ठाऊक असेल, सगळ्यांनी मिळून एक चाल ओरडणं सोपं असतं. मॅडम मुलींना एक चाल द्यायच्या, मुलांना दुसरी, आणि दोन्ही एकाच वेळी गायला लावायच्या. आमच्या पोरांना सुरुवातीला ते भांडणच वाटायचं.

बैलांसाठी नावाजलेल्या देवणीचा एक धिप्पाड पोरगा होता. तो गायला लागला की बाकीचे बुडायचे. "मी दबूनच गाऊन राहिलो, म्याडम, पर आवाज ऐकत न्हाई!"

"देवणीचा बैल आहेस बाबा तू," त्या म्हणाल्या. "पण जोडीदाराच्या चालीनं चालतो तोच बैल चांगला."

वर्षभरात तो इतका हळुवार गायला लागला, की मी मुद्दाम भिंतीला कान लावून त्याचा आवाज शोधायचो.

पुढं पोरं कमी झाली. तालमीची वेळ आणि अभ्यासिकेत जागा धरायची वेळ एकच. "परीक्षा झाली की येतो, मॅडम," म्हणून गेलेले परत आले नाहीत. दीक्षांत समारंभाच्या विद्यापीठ गीतासाठी मॅडम वसतिगृहांचे जिने चढायच्या, एकेकाचं दार वाजवायच्या. गुडघे दुखायचे. मलाच राहवलं नाही. म्हणालो, "मॅडम, एकदा चांगलं रेकॉर्डिंग करून ठेवा. दरवर्षीची धावपळ तरी वाचेल."

"गाणं काय लोणचं आहे का, घालून ठेवायला?" त्या हसल्या. पण त्यांनी ते मनावर घेतलं. जुन्या पोरांना फोन केले. देवणीचा पोरगा लातूरहून आला, तिथं एका शिकवणी वर्गाच्या कार्यालयात होता. पंख्याचा आवाज नको म्हणून सभागृहातले पंखे बंद केले. दोन दिवस सगळे घामानं निथळत गायले. मॅडमनी स्वतः सगळ्यांना अर्धापूरची केळी वाटली.

पुढच्या दीक्षांत समारंभाला त्या रेशमी साडी नेसून, अकरा पोरं घेऊन मंचामागं उभ्या होत्या. आमच्या विभागाच्या साहेबांनी मला बोलावलं. "त्यांना बसायला सांगा. पेन ड्राइव्ह लावा."

मी जाऊन सांगितलं. "बरं," म्हणाल्या आणि पोरांना रिकाम्या खुर्च्या दाखवल्या. गीत सुरू झालं. सभागृह उभं राहिलं, त्याही उभ्या राहिल्या. दुसऱ्या ओळीला माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "इथं मुली जराशा मागं राहिल्यात. आता दरवर्षी राहतील."

त्या वर्षी त्यांची नेमणूक पुढं चालू ठेवली नाही. गीत उपलब्ध आहे, सबब आवश्यकता नाही, असं पत्र निघालं. ते मीच टाइप केलं. 'सबब' हा शब्दही माझाच. माफी मागायला गेलो तर म्हणाल्या, "तुम्ही माझे गुडघे वाचवायला गेलात. मला कळत नाही का?" त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांच्या खोलीत आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. भिंतीपलीकडून काही येत नाही.

मागच्या वर्षी एका लग्नाला उदगीरला गेलो, तेव्हा शोधत त्यांच्या भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात पोचलो. मॅडम गल्ल्यावर होत्या. केस पार पिकलेले. चहा मागवला, विभागातल्या एकेकाची चौकशी केली. मी विचारलं, "घरी गाता का आता?"

"एकटीनं?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "मला एकटीला नाही हो गाता येत. कधी आलंच नाही."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. दोन इंची खिळे हवे होते. मॅडम गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पारड्यात खिळे पडायला लागले. काटा स्थिर होईपर्यंत आम्ही तिघंही त्याच्याकडंच बघत राहिलो.