फुलांखालची लँडमास्टर

अक्काच्या लग्नाचा एकच फोटो आमच्याकडं उरलाय. त्यात एक गाडी आडवी उभी आहे आणि तिच्यापुढं अक्का, भावजी, आमचे वडील अप्पा आणि हाफ चड्डीतला मी. गाडीच्या तोंडावर झेंडूच्या इतक्या माळा, की नाव पार झाकून गेलंय. सोलापूर ते मैंदर्गी वरातीसाठी अप्पांनी ती ओळखीच्या डॉक्टरांकडून मागून आणली होती.

ती अँबॅसिडर होती, असं मी जन्मभर सांगत आलो. मी कामाला होतो त्या चिंचोळीच्या कारखान्यात सांगितलं, सासरी सांगितलं. खरं तर ती लँडमास्टर, अँबॅसिडरच्या आधी निघालेली, डॉक्टरांनी जुनी घेतलेली. मला ते तेव्हापासून माहीत होतं. पण लँडमास्टर म्हटलं की लोक ‘ती कुठली?’ विचारायचे. अँबॅसिडर म्हटलं की खुर्ची पुढं करायचे.

एकदा भर पंगतीत अक्कानं मला, धाकट्या भावाला, अडवलं. "अँबॅसिडर कुटली रे तम्मा? लँडमास्टर होती की ती."

मी म्हणालो, "तू गाडी बघितलीस कधी अक्का? रडून रडून डोळे सुजले होते तुझे."

पंगत हसली. अक्काही हसली, पण त्यानंतर तिनं आपल्या लग्नाची गोष्ट कधी काढली नाही.

यंदा भाच्याचा मैंदर्गीहून फोन आला. अक्का गॅस बंद करायला विसरायला लागली होती. सोमवारी ती एकटी एसटीनं अक्कलकोटला महादेवाला जाते, तेही आता बंद करायचं त्यानं ठरवलं होतं.

"आईचं काही खरं नाही, मामा. स्वतःच्या लग्नातली गाडी तरी तिनं कधी बरोबर सांगितली का? तुमीच म्हणायचा की."

माझी थाप माझ्याच बहिणीविरुद्ध साक्ष देत होती.

फोटो काढून भिंगाखाली धरला. मला पुरावा नको होता, भाच्याला दाखवायला हवा होता. अँबॅसिडरचा मागचा कोपरा दिव्यापाशी जरा वर उचललेला असतो. इथं अप्पांच्या खांद्यामागं गाडीची पाठ गोल होऊन सरळ खाली उतरत होती.

दुसऱ्या दिवशी मैंदर्गीला गेलो. भाचा आणि अक्काची सून समोर बसल्यावर फोटो मांडला, कोपरा दाखवला आणि म्हणालो, "अक्का बरोबर होती. मी चुकलो नव्हतो, खोटं बोलत होतो."

अक्का माझ्याकडं वळली. "ठावं होतं तुला?"

"होतं."

"आन् पंगतीत लोकांना माझ्यावर हसवलास?"

मी फोटो तिच्यापुढं सरकवला.

"अरे, मी धुतलीय ती गाडी! आदल्या सांजंला आली, लई चिखल. घरात सगळी कामात. हळद लागलेली नवरी उंबऱ्याबाहेर जात न्हाय, तरी मी परसदारानं गेले. मागनं पाणी ओतलं की कुटं थांबायचं न्हाय, सरळ पायावर. फडकं पिवळं झालं, तवा आईनं पाठीत धपाटा घातला."

सुनेनं हातातलं काम बाजूला ठेवून सासूला विचारलं, "मग पुढं, अत्ती?"

भाचा मला म्हणाला, "पण मामा, गॅसचं काय?"

"गॅसला काय लावायचं ते लाव. माझी थाप तेवढी तिच्या माथी मारू नको."

अक्काची गोष्ट वरात अक्कलकोटच्या नाक्यावर पोचेपर्यंत चालली, आणि मधे भाच्यानंच दोनदा "आणि अप्पा काय म्हणाले?" असं विचारलं.

गेल्या सोमवारी अक्का महादेवाला जाऊन आली. सून सोबत होती. तिनंच फोनवर सांगितलं, की एसटीत चढल्या चढल्या अत्तीनं जागेसाठी कंडक्टरशी कन्नडमधून भांडण काढलं, आणि खिडकी मिळवली.